गोलीपुढचा माणूस

नानाभाऊ लांजेवार गेले तेव्हा आमच्या हॉकी क्लबनं शोकसभा घेतली. तिथं एका वक्त्यानं, ज्यानं भाऊंना जन्मात दोनदाच पाहिलं असेल, त्यांना 'खिलाडू वृत्तीचा मूर्तिमंत आदर्श' म्हटलं. हार-जीत सारखीच मानणारा, कोणाबद्दल मनात किल्मिष न ठेवणारा, वगैरे वगैरे. माझ्या शेजारी आमचा जुना फुलबॅक बसला होता. तो मान खाली घालून हसत होता. मी रडू आल्यासारखा रुमाल तोंडाला लावला. किल्मिष नव्हतं हे खरंच होतं, कारण किल्मिष हा फार लहान शब्द झाला. भाऊंच्या मनात डूख होता. सापाशेजारी ठेवला असता तर सापानं शिकवणी लावली असती असा.

माझं स्वतःचं विचाराल तर मला डूख धरणारी माणसं आवडतात. ऊठसूट क्षमा करणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही. आज अपमान विसरले, उद्या उपकारही विसरतील. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंड डोक्याचं कौतुक जरा कमीच असतं. पण भाऊंची गोष्ट आठवली की माझंही हे मत अडखळतं.

भाऊ एका सरकारी कचेरीत कारकून होते. तिथं ते काय काम करत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला वाटतं कचेरीलाही कळलं नसावं. साडेपाचला ते सायकलवरून अजनीकडच्या आमच्या मैदानावर येत आणि तिथं त्यांचा खरा दिवस सुरू होई. ठेंगणे, काळेसावळे, गुडघ्यात अधू. धावणं सुटल्याला बरीच वर्षं झाली होती. पत्र्याची घडीची खुर्ची गोलाच्या बाजूला टाकून ते बसत आणि तिथून क्लब चालवत. पुढचे दात बसवलेले होते. चिडले की ते दातांची कवळी काढून शर्टाच्या खिशात टाकत आणि मग बोलत. त्यामुळे त्यांच्या सगळ्यात जहाल शिव्या आम्हाला नीट कळत नसत, पण कवळी खिशात गेली की पाठीचा कणा आपोआप सरळ होई.

त्यांची रागांची यादी मोठी होती. महाल भागातल्या एका पानवाल्यानं कधीकाळी पानात चुना जास्त लावला आणि वर हसला, म्हणून भाऊ त्या गल्लीतून जात नसत. घर दोन गल्ल्या पलीकडे असूनही मोठा वळसा घेत. सख्ख्या मोठ्या भावाशी शेतातल्या विहिरीवरून बिनसलं होतं. दोघं भिंतीला भिंत लावून राहायचे आणि एकमेकांची चौकशी शेजाऱ्यांकडे करायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, मोठी हसतमुख बाई. मी एकदा भाऊंच्या रागाची तक्रार केली तर तर्री-पोह्याची बशी पुढं सरकवत म्हणाल्या, "यायचा राग म्हनजे लोनचं हाये बाप्पा. जितकं जुनं, तितकं मुरते." त्या स्वतः मात्र दिराच्या घरी मागच्या दारानं रोज जाऊन येत.

भाऊंचा सगळ्यात जुना, सगळ्यात मुरलेला राग हॉकीतला होता. तो कळायला शॉर्ट कॉर्नर म्हणजे काय ते ठाऊक हवं. गोलपुढच्या अर्ध्या वर्तुळाला आम्ही डी म्हणतो. तिथं बचाव करणाऱ्यांनी गफलत केली की समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळतो. एकजण गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, डीच्या टोकाशी दुसरा तो हातानं थांबवतो आणि तिसरा तो जीव खाऊन गोलवर हाणतो. बघणारे या तिसऱ्यासाठी टाळ्या पिटतात. भाऊंना तिसऱ्यात रस नव्हता. हाणणारे गल्लोगल्ली मिळतात म्हणायचे. त्यांचा जीव चौथ्यात. चेंडू ढकलला गेला की हा चौथा रेषेवरून धावत जाऊन गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, नाकासमोर उभा राहतो. मागून दगडासारखा चेंडू येत असतो, पुढं गोली लाथ झाडायला टपलेला, आणि बाजूचे बचाववाले पंचाची नजर चुकवून घोट्यावर स्टिका मारत असतात. यानं हलायचं नाही. गोलीला चेंडू दिसू द्यायचा नाही. आणि चेंडू पॅडवरून उसळला की हातभर जागेत स्टिक घालून तो आत सारायचा.

तरुणपणी भाऊ स्वतः हे काम करत. अठ्ठेचाळीस-पन्नासच्या सुमाराला प्रांताच्या संघाची निवड होती आणि भाऊंचं नाव जवळजवळ पक्कं मानलं जात होतं. चाचणीच्या सामन्यात हाणणारा होता वझलवार, संघाचा ठरलेला कप्तान. त्याचा फटका उंच गेला आणि गोलीपुढे उभ्या असलेल्या भाऊंच्या तोंडावर बसला. भाऊ गवतात पडले, तोंडातून रक्त आणि दात एकदमच बाहेर आले. वझलवार जवळ आला, वरून पाहिलं आणि पंचाला म्हणाला, "ह्याला उभं कुठे राहायचं तेच कळत नाही. खेड्यातून येतात आणि डायरेक्ट डीत घुसतात." संघात दुसऱ्याची निवड झाली. वझलवार पुढं मोठा अधिकारी झाला, आपल्या खात्याच्या हॉकी संघाचा व्यवस्थापक झाला, आणि तो संघ नागपुरातली मानाची ढाल वर्षामागून वर्ष नेऊ लागला. दात गेल्याचं दुःख भाऊ कधी बोलले नाहीत. ते वाक्य मात्र त्यांना झोपेतही पाठ होतं. एवढ्यासाठी त्यांनी क्लब काढला होता. वझलवारच्या संघाला ढालीच्या सामन्यात हरवायचं, आणि तेही गोलीपुढच्या माणसानं गोल करून. दुसरा कुठलाही गोल त्यांना चालणार नव्हता.

वरवर पाहाल तर दोघांचे संबंध गोड. वझलवारच्या मुलीच्या लग्नाला भाऊ मला सोबत घेऊन गेले. आहेर केला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पंगतीत बसून वरण दोनदा मागून घेतलं. परत येताना सायकलवर डबलसीट बसलेल्या मला म्हणाले, "वरन आळनी होतं. लय बरं वाटलं." दुसऱ्यांदा वाढून का घेतलं, असं मी विचारलं, तर म्हणाले की पहिल्यांदा खात्री नव्हती झाली.

गोलीपुढचा माणूस निवडण्याची भाऊंची रीत अशी होती की दुसऱ्या क्लबांचे लोक पोट धरून हसायचे. नवा खेळाडू आला की इतर प्रशिक्षक विचारतात, कुठं खेळतोस. भाऊ विचारत, "तुले कोनाचा राग हाये?" मी गेलो तेव्हा मी जरा विचार करून भूगोलाच्या मास्तरांचं नाव सांगितलं. किती वर्षं झाली, म्हणाले. चार, म्हटलं. भाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि मला लेफ्ट हाफला टाकलं. मी शेवटपर्यंत तिथंच राहिलो.

ज्याच्याकडे जरा दमाचा राग सापडे त्याला ते सकाळी संत्रा मार्केटात नेत. हंगामात तिथं हमाल डोक्यावर पेटी घेऊन 'बाजू, बाजू' ओरडत धावत असतात. भाऊ पोराला मधोमध उभं करत आणि स्वतः चहाच्या टपरीवरून पाहत. उडी मारून बाजूला झाला तो बाद. हमालाशी भांडला तोही बाद. त्यांना असा हवा होता की हमालच शिवी देऊन त्याच्या बाजूनं जाईल आणि हा ती शिवी ठेवून घेईल. मग पुढची परीक्षा सावजीच्या खानावळीत. भिवापुरी मिरचीचा लाल रस्सा, आणि समोर पाण्याचा भरलेला तांब्या. भाऊ जेवत नसत, फक्त तांब्याकडे पाहत. ज्याचा हात तांब्याकडे गेला त्याची निवड गेली. लगेच भडकणारा माणूस गोलीपुढं दोन मिनिटांत कोणाला तरी मारून बाहेर बसतो, आणि विसरणारा माणूस दुसऱ्या वेळी मन लावून धावतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लागलेलं पोटात ठेवून चेंडूची वाट पाहणारा पाहिजे.

असा माणूस त्यांना बारा वर्षं मिळाला नाही. मग कन्हानहून वामन झाडे आला.

वामन कन्हानच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. खाणीच्या कचेरीत चिकटला होता आणि तिथून सायकल मारत सरावाला यायचा. उंच, रुंद, पायाचे पंजे असे की त्याच्या मापाचे बूट बर्डीच्या बाजारात मिळेनात. संत्रा मार्केटात हमालांनी त्याला खांब समजून वळसे घातले. सावजीकडे त्यानं रस्सा दोन वेळा मागितला, पाण्याला हात लावला नाही, आणि भाऊ, तुम्ही काहून नाही जेवत, म्हणून आग्रह केला. भाऊंना तो सोन्याचा वाटायला हवा होता. पण पहिल्या दिवशीच्या प्रश्नाला त्यानं जे उत्तर दिलं होतं त्यानं सगळा घोटाळा केला होता. कोणाचा राग आहे, तर कोणाचाच नाही, असं सांगून तो मोकळेपणानं हसला होता.

दोन हंगाम भाऊंनी त्याला राग आणायचा प्रयत्न केला. त्याचा टी-शर्ट दुसऱ्याला दिला, सामन्याच्या दिवशी उगाच बाहेर बसवलं, सगळ्यांसमोर त्याच्या गावाची टिंगल केली. वामन हसायचा आणि संध्याकाळी भाऊंची खुर्ची घडी करून त्यांच्या सायकलला बांधून द्यायचा. काकूंसाठी शेतातली वांगी आणायचा. गोलीपुढं तो भिंतीसारखा उभा राही, पण चेंडू पॅडवरून उसळला की ओळखीचा पाहुणा आल्यासारखा त्याच्याकडे पाही, आणि तेवढ्यात बचाववाला तो काढून नेई. आम्हाला तो फार आवडायचा. भाऊ कवळी खिशात टाकून पुटपुटायचे, "उभा राहते. पन कायच्यासाठी उभा राहते, ते त्याले समजत नाही."

आणि त्याच हंगामात आम्ही ढालीच्या अंतिम सामन्याला पोचलो. समोर वझलवारचा संघ.

त्यांचा गोली शेषराव बोंद्रे. साधा, देवभोळा माणूस. हात जोडून मैदानात उतरायचा, गोलच्या दोन्ही खांबांना नमस्कार करायचा. कचेरीत टायपिस्ट होता, आणि संध्याकाळी घरी पेटी वाजवायचा असं लोक सांगायचे. त्याच्याशी वैर धरावं असं त्याच्यात काही नव्हतं, आणि भाऊंची हीच अडचण होती.

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात वामन सरावाला आला तो तोंड उतरलेला. त्याच्या बहिणीचं, सुमनचं, लग्न भिवापूरच्या एका मुलाशी ठरल्यासारखंच होतं. साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी बाकी होती. मुलाकडच्यांनी काही कारण न सांगता नकार कळवला होता. कारण न सांगता मोडलेलं लग्न म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना सांगावं लागत नाही. शेजारीपाजारी कारणं स्वतः तयार करतात. आई जेवत नाही, सुमन बाहेर निघत नाही, असं वामननं आम्हाला सांगितलं आणि पहिल्यांदाच त्याला हसू आलं नाही.

भाऊ ते खुर्चीवरून ऐकत होते. ते उठले, वामनच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी आजवर कोणाच्याच खांद्यावर ठेवला नव्हता, आणि त्याला रेषेच्या कडेनं लांबवर नेलं. ते काय बोलले हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकतो. भाऊंनी त्याला सांगितलं की शेषराव बोंद्रेची सासुरवाडी भिवापूरची आहे. ते खरंच होतं. मग सांगितलं की शेषरावनं मुलाकडच्यांच्या कानाशी लागून सुमनबद्दल नको ते सांगितलं, म्हणून लग्न मोडलं. ते साफ खोटं होतं. वामनला बहीण आहे हेसुद्धा शेषरावला माहीत नव्हतं. वर भाऊंनी बजावलं की आत्ता काही बोलायचं नाही, कोणाला विचारायचं नाही, पोरीचीच बदनामी होईल. जे द्यायचं ते रविवारी डीत द्यायचं.

वामन परत आला तेव्हा त्यानं खुर्ची घडी केली नाही.

अंतिम सामना मी लेफ्ट हाफवरून पाहिला असंच म्हणायला हवं, कारण चेंडू माझ्याकडे फारसा आलाच नाही. पहिल्या अर्ध्यात त्यांनी एक गोल केला, आम्ही एक फेडला. वझलवार मंडपात पहिल्या रांगेत पांढऱ्या सफारीत बसला होता. भाऊंची कवळी सामना सुरू व्हायच्या आधीपासून खिशात होती. दुसऱ्या अर्ध्यात आम्हाला शॉर्ट कॉर्नर मिळत गेले आणि दर वेळी वामन धावत जाऊन शेषरावपुढं उभा राहिला. त्यांच्या बचाववाल्यांनी त्याच्या घोट्यांचा भुगा केला. मोज्यातून रक्त दिसत होतं. त्यानं एकदाही खाली पाहिलं नाही. तो शेषरावच्या तोंडाकडे पाहत होता. शेषराव त्याला दोनदा काहीतरी चांगल्या शब्दांत म्हणाला, बहुतेक लागलं का असं, आणि वामनचा चेहरा आणखी घट्ट झाला.

सामना संपत आलेला. शेवटचा शॉर्ट कॉर्नर. आमच्या फुलबॅकनं हाणला, शेषरावला तो वामनच्या मागून उशिरा दिसला, कसाबसा पॅडला लागून उसळला. वामननं या वेळी पाहुण्याकडे पाहिलं नाही. एका झटक्यात चेंडू आत गेला. शेषराव तोल जाऊन पडला होता, त्याचा एक हात जमिनीवर टेकलेला. वामनची स्टिक चेंडू मारून वर गेली होती ती पुन्हा खाली आली, त्या हातावर. गर्दीत पंचाला काही दिसलं नाही. आम्ही ओरडत वामनवर पडलो. शेषराव हात पोटाशी धरून गोलच्या खांबाला टेकून बसला होता, आणि तो आवाज करत नव्हता म्हणून आमचंही लक्ष गेलं नाही.

भाऊ उठले. लंगडत, पण ताठ मानेनं, सगळं मैदान ओलांडून मंडपाकडे निघाले. मी मागोमाग गेलो, कारण एवढ्या वर्षांचा सूड पुरा होताना मला पाहायचा होता; मला त्यात लाज वाटत नव्हती, आजही वाटत नाही. भाऊ वझलवारसमोर उभे राहिले आणि बोळक्या तोंडानं हसले. म्हणाले, "साहेब, उभं कुठं राहाचं, ते समजलं आमाले."

वझलवार उठून उभा राहिला. त्यानं मनापासून हात मिळवला. "अभिनंदन, लांजेवार. फार चांगली टीम तयार केलीत." मग भाऊंच्या तोंडाकडे पाहून त्याला वाईट वाटलं असावं. आवाज खाली आणून त्यानं काळजीनं विचारलं, "तुमचे दात हो कधी गेले? काही आजार वगैरे?"

तो नाटक करत नव्हता. मी त्याचा चेहरा पाहिला आहे. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. भाऊंनी खिशातून कवळी काढून तोंडात बसवली आणि 'हाव साहेब, आजारच होता,' असं म्हणून ते परत फिरले. ढाल घ्यायला ते पुढं गेले नाहीत. जन्मभर ज्याच्यासाठी लोणचं मुरवलं त्याच्या ताटातच ते पडलं नाही. आणि जे पडलं ते भलत्याच माणसाच्या ताटात. शेषरावची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. त्याचं गोलकीपिंग सुटलं, टायपिंग सुटलं, आणि पेटीचं मी विचारलं नाही.

सुमनचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात उमरेडच्या चांगल्या घरी झालं. त्या लग्नात भिवापूरचे एक वयस्क नातेवाईक आले होते. त्यांच्याकडून वामनला कळलं की त्या मुलाला पहिल्यापासून मामाचीच मुलगी करायची होती. मुलाचं मन वळतं का म्हणून बापानं दोन-चार ठिकाणी मुली पाहिल्या होत्या, एवढंच. कोणी कोणाच्या कानाशी लागलं नव्हतं. वामन लग्नाची हळद अंगावर असतानाच नागपूरला शेषरावच्या घरी गेला. तिथं काय झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. तिथून तो सरळ मैदानावर आला.

आम्ही सराव करत होतो. तो भाऊंच्या खुर्चीपाशी गेला तेव्हा आम्ही थांबलो.

"भाऊ, शेषरावनं काहीच नव्हतं सांगतलं."

"मले माहीत हाये," भाऊ म्हणाले.

"मंग मले काहून सांगतलं?"

"तुले रागच येत नव्हता गा. गोल पाह्यजे होता."

"त्याचे बोटं मोडले मी. माह्या हातानं मोडले."

भाऊंनी मैदानाकडे पाहिलं. "मी बोटं मोडाले नव्हतं सांगतलं."

आजही ते वाक्य आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. भाऊंवर माझं प्रेम होतं, पण त्या क्षणी वामननं त्यांना खुर्चीसकट उचलून फेकलं असतं तर मी मध्ये पडलो नसतो. वामननं काही केलं नाही. तो त्यांच्याकडे पाहत राहिला, शेषरावकडे पाहिलं होतं तसाच. मग सायकल घेऊन गेला. त्यानं हॉकी सोडली.

पुढच्या रविवारी आमचा मित्रत्वाचा सामना होता. भाऊ खुर्ची टाकून बसले. खेळ सुरू झाला आणि वामन आला, येऊन भाऊंच्या खुर्चीच्या बरोबर पुढं, त्यांच्याकडे पाठ करून, उभा राहिला. भाऊंना त्याच्या पाठीशिवाय काही दिसेना. त्यांनी खुर्ची डावीकडे सरकवली. वामन डावीकडे सरकला. उजवीकडे सरकवली, तो उजवीकडे. एक शब्द नाही, एक धक्का नाही. सामना संपला तसा तो निघून गेला.

तो त्यानंतरच्या रविवारीही आला. आम्हाला वाटलं, महिनाभर चालेल. वर्षं गेली. थंडी असो की मे महिन्याचं ऊन, सामना असला की कन्हानहून सायकल यायची आणि वामन भाऊंपुढं उभा राहायचा. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे व्हायला लागले, पण रविवार चुकला नाही. भाऊंनी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला बसून पाहिलं, एकदा पंचांच्या टेबलामागं बसून पाहिलं. काही उपयोग नाही. नव्या पोरांना वाटायचं हा भाऊंचा कोणी जवळचा नातेवाईक असेल, उन्हापासून त्यांना सावली करतो. एकानं त्याच्यासाठी चहाही आणला. वामननं हात हलवून नको म्हटलं.

मला बरं वाटायचं हे लपवत नाही. शेषरावची बोटं आणि वामनचं हसू, दोन्हीचा हिशेब कोणीतरी मागायलाच हवा होता, आणि कोर्टकचेरीनं तो कधी मागितला नसता. माणसाला मारलं तर तो दुसऱ्या दिवशी उठून बसतो. हा माणूस ज्यासाठी जगला तेच त्याच्या डोळ्यांपुढून दर रविवारी काढून घेतलं जात होतं, आणि तेही नियमात बसवून. पंचालाही शिट्टी वाजवता आली नसती. काकू मात्र एकदा वामनपाशी जाऊन रडल्या, पुरे कर म्हणाल्या. तो त्यांच्या पाया पडला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला.

माझी बदली अमरावतीला झाली. ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात सुटीवर आलो असताना रविवारी मैदानावर गेलो. भाऊ फार थकले होते. अंगावर शाल, डोळ्यांना जाड भिंगं, खुर्चीतून उठायला दोघांनी धरावं लागे. पुढं वामन. तोही पोक्त झालेला, पण पाठ तशीच रुंद. मी भाऊंच्या बाजूला खाली गवतात बसलो आणि मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, आता पुरे झालं, मी सांगतो त्याला, माझं ऐकेल तो.

भाऊंनी माझा हात धरला. "राहू दे." मग वामनच्या पायांकडे बोट केलं. "पाय पाह्य त्याचे. इतके वर्स झाले, पाय हालत नाही. असा मानूस मले दुसरा नाही भेटला." आवाजात पश्चात्ताप नव्हता. कौतुक होतं, आणि ते ऐकून मला जास्तच राग आला.

मी उठून निघालो. गाडीची वेळ झाली होती. चार पावलं गेलो तोच मागं मैदानावर एकदम गोलचा गलका झाला, शिट्टी झाली, पोरं ओरडत धावली. वळून पाहिलं. भाऊ खुर्चीत अर्धे उठले होते, मान डावीकडे लांबवत, उजवीकडे लांबवत. वामन जरासा डावीकडे झाला, जरासा उजवीकडे.

"कोनी मारला?" भाऊंनी विचारलं.

वामनला सगळं दिसलं होतं. भाऊंनी पुन्हा विचारलं, या खेपेला नाव घेऊन. "वामन, कोनी मारला गा?"

वामन समोर पाहत उभा राहिला.